आतल्या ओळींची प्रत

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय मास्तरीणबाई,

आज सकाळी पाणी कमी दाबानं आलं, म्हणून आधी बादल्या भरून घेतल्या. मग चहा, मग पेपर. खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टच्या दुरुस्तीच्या अर्जावर सही मागायला आल्या होत्या, ती दिली. अकरा वाजता तुझा फोन आला. आपल्या शिकवणीची वेळ. फोन समोर टेबलावरच होता आणि मी तो उचलला नाही. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, जणू तू मला बघणार होतीस. नंतर चिरंजीवांचा निरोप आला, बाबा तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. तशी काळजी करू नका. तुझ्याशी बोलायची लाज वाटते आहे, एवढंच. आणि ती का वाटते हे मला फोनवर सांगता येणार नाही. तू मध्येच ‘जाऊ द्या हो बाबा’ म्हणशील आणि माझं सांगायचं राहून जाईल. म्हणून लिहितो आहे. पत्र लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा पुढे-मागे झालं तर सांभाळून घे.

मास्तरीणबाई हे नाव हिने ठेवलं, हे तुला माहीत नसेल. तू पहिल्यांदा मला शिकवायला बसलीस त्या दिवशी ही पलंगावर पडून सगळं ऐकत होती. तू गेल्यावर म्हणाली, ‘अहो, तुम्हाला आयुष्यात कुणी इतकं गप्प बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. मास्तरीणबाई आहे ती.’ मी म्हटलं, मी तसाही कुठे बोलतो. तर म्हणाली, ‘नाही बोलत, पण ऐकतही नाही.’

त्या वेळी हिच्या हाताची थरथर वाढली होती. साप्ताहिकासाठी शब्दकोडं ती इतकी वर्षं आखीव कागदावर पेन्सिलीनं रचत आली. पेन्सिल चौकोनात राहीना. एका घरातलं अक्षर शेजारच्या घरात जायचं, मग खोडायचं, खोडताना कागद फाटायचा. एक दिवस तिने कागद बाजूला सारला आणि म्हणाली, संपादकांना कळवून टाका, दुसरं कुणी बघा म्हणावं. त्या आठवड्यात तुम्ही दोघं आला होतात. रात्री जेवणं झाल्यावर तू लॅपटॉप काढून बसलीस आणि म्हणालीस, आईंनी सांगायचं, बाबांनी टाइप करायचं. तुझ्या नवऱ्यानं म्हटलंही की तूच पूर्ण तयार करून दे ना, बाबांना कशाला त्रास. त्यावर तू म्हणालीस, तयार करून दिलं तर बिघडल्यावर हे माझी वाट बघत बसतील आणि आईंचं कोडं अडेल. त्यापेक्षा बाबा शिकतील. मला ते फार बरं वाटलं होतं. तेव्हा बोललो नाही, आत्ता लिहितो.

पहिला धडा आठवतो का? नऊ ओळी आणि नऊ रकाने करायचे होते. तू सांगितलंस, यादीच्या आत यादी. एक ओळ म्हणजे नऊ रिकाम्या घरांची यादी, आणि अशा नऊ ओळींची मोठी यादी म्हणजे कोडं. तुम्ही परत गेल्यावर मी एकटाच बसलो, मला वाटलं यात काय आहे. मी रिकाम्या नऊ घरांची एक ओळ केली आणि तिला गुणिले नऊ केलं. छापून बघितलं तर नऊ बाय नऊ, अगदी सरळ. मी खूश. मग हिने पहिला शब्द सांगितला, ‘तारण’. मी पहिल्या ओळीत भरला आणि पडद्यावर नऊच्या नऊ ओळींत तारण, तारण, तारण. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, सगळं घरच गहाण पडलं की. तू फोनवरून म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही नऊ ओळी केल्या नाहीत. एकाच ओळीला नऊदा बोलावलंत.’ मग दर वेळी नवी ओळ करून आत घालायची रीत तू शिकवलीस आणि मी ती वहीत तीनदा लिहून काढली, शाळेतल्यासारखी.

दुसरा घोटाळा अक्षरांचा झाला. ‘जिव्हाळा’ हा शब्द मी आपला अख्खा दिला आणि यंत्राला म्हटलं, याची घरं पाड. त्यानं ज वेगळा, वेलांटी वेगळी, व वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी, काना वेगळा असं करून आठ घरं अडवली. ही उशीवरून मान उचलून बघत म्हणाली, ‘वेलांट्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं वाटतं.’ तू मग सांगितलंस की प्रत्येक घरात अक्षर मात्रेसकट आपणच द्यायचं, जि, व्हा, ळा. तीन घरं. त्याचं कौतुक हिला खूप दिवस पुरलं. कुणी भेटायला आलं की सांगायची, आमच्या ह्यांना आता जोडाक्षर कळायला लागलं.

आणि ते शून्य. ती म्हणायची तिसरी ओळ, पाचवं घर, ‘ळा’. मी तोंडातल्या तोंडात दोन, चार असं म्हणत कोडे[२][४] लिहायचो. तिला ते पुटपुटणं ऐकू जायचं. ‘मी पाचवं म्हटलं की तुम्ही चौथं का म्हणता?’ मी म्हटलं, तो शून्यापासून मोजतो. तर म्हणाली, ‘त्याला सांगा, आमच्याकडे पहिल्याला पहिलाच म्हणतात, नाहीतर थोरल्याला वाईट वाटेल.’ शेवटी शेवटी तीच वजा करून सांगायला लागली. डोळे मिटलेले, आवाज बारीक, आणि ‘शून्य, शून्य, क’. मला हे कळायला वेळ लागला की ती माझ्यासाठी वजा करते आहे. आधी वाटलं, विसरते आहे.

तिचं शेवटचं कोडं अर्धं झालं होतं. निम्म्याहून जास्त शब्द भरून झाले होते, आडव्या शब्दांचे बरेच संकेत तिने सांगून ठेवले होते, उभ्यांचे थोडे राहिले होते. कागदावर काहीच नव्हतं. तिने उच्चारलं आणि मी टाइप केलं, तेवढंच. ती गेली त्यानंतर संपादक भेटायला आले, बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, काका, काकूंचं एखादं कोडं पडून असेल तर शेवटचं म्हणून मानानं छापू. अपुरं असेल तर राहू द्या. मी म्हटलं, पुरं आहे. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटलं, अपुरं म्हटलं तर तिलाच अपुरं म्हटल्यासारखं होईल.

तुला त्या दिवसांत मी फोनवर विचारलं होतं, मूळ आहे तसं ठेवून दुसरीकडे बदल करायचे असतील तर काय करावं. तू कारण विचारलं नाहीस. फक्त म्हणालीस, नुसतं ‘प्रत = कोडे’ लिहू नका बाबा, ते त्याच वस्तूला दुसरं नाव दिल्यासारखं होतं. हे मला नवीन नव्हतं. हेच तू आधीही एकदा शिकवलं होतंस, ही असताना, आणि तेव्हा त्याच्या पुढचंही एक वाक्य सांगत होतीस. पण त्याच वेळी हिने आतून हाक मारली. मी उठून तिला पाणी दिलं, पाठीमागची उशी नीट केली आणि परत येऊन तुला म्हटलं, ‘कळलं’. कळलं नव्हतं, कारण मी ते ऐकलंच नव्हतं. फोनवर दुसऱ्यांदा तू ते सांगायला लागलीस तेव्हाही मी म्हटलं, हो हो, ते आहे माझ्या वहीत. वहीत अर्धंच होतं. मी ‘प्रत = कोडे[:]’ असं लिहिलं, ते मला आठवलं याचा अभिमानही वाटला, आणि निर्धास्तपणे कामाला बसलो.

तुला तर मी काय केलं ते या एका ओळीवरूनच कळलं असेल. मला कळायला वेळ लागला. बाहेरची मोठी यादी नवी झाली होती, पण तिच्या आतल्या ओळी त्याच होत्या; त्यांचीही एकेक करून प्रत करायची, हे तुझं मी न ऐकलेलं वाक्य. मी प्रतीत लिहीत होतो आणि तिच्या कोड्यात लिहिलं जात होतं. आणि बंद करताना कोडं आपोआप साठवलं जावं ही सोय तूच केली होतीस, आईंचा एकही शब्द वाया जाऊ नये म्हणून. ती सोय आपलं काम चोख करत राहिली.

तरी एवढ्यावर भागलं असतं. मी नुसती रिकामी घरं भरली असती तर तिची अक्षरं तरी जागेवर राहिली असती. पण सातव्या ओळीत एक आडवा शब्द होता, ‘उसंत’. त्याच्या ‘उ’वरून खाली तीन घरांचा उभा शब्द जात होता, त्याचं शेवटचं घर ‘ण’. मधलं घर रिकामं. उ, काहीतरी, ण. मी दोन दिवस त्यावर घालवले. मला काही सुचेना. मग मला वाटायला लागलं, ती त्या दिवशी औषधाच्या गुंगीत होती, तिला ‘वसंत’ म्हणायचं असणार, किंवा मी चुकीचं ऐकलं असेल. ‘उ’च्या जागी ‘व’ घातला की खाली ‘वळण’ अलगद बसत होतं. तिने ‘उसंत’ला दिलेला संकेत होता, ‘मागून मिळत नाही, आणि मिळाली की हातांना काय करावं कळत नाही’. मी तो पुन्हा वाचला. वसंत मागून मिळत नाही हे खरंच आहे, असं मी स्वतःला समजावलं. हातांचं काय, तर म्हटलं, कवितेसारखं काहीतरी असेल. मला कवितेतलं कळत नाही हे त्या वेळी सोयीचं पडलं. ‘उ’ खोडून ‘व’ लिहिला, ‘वळण’ला माझाच संकेत दिला. तिच्या आयुष्यभराच्या कामात मी केलेली ही पहिली दुरुस्ती.

कोडं छापून आलं. चौकटीत, तिच्या नावासकट, खाली दोन ओळी आदरानं लिहिलेल्या. तू फोन करून सांगितलंस की चहा गार होईपर्यंत सोडवत बसले, आणि एका ठिकाणी अडलं आहे पण सांगू नका, मी शोधते. मी म्हटलं, बरं.

अडलेली तू एकटी नव्हतीस. एक निवृत्त न्यायाधीश दर आठवड्याला उत्तरं पाठवतात. त्यांनी संपादकांना लिहिलं की आडवा शब्द ‘उसंत’ येतो आणि उभा ‘वळण’, तेव्हा सामाईक घरात मी काय लिहावं याचा निकाल संपादकांनी द्यावा. पुढे लिहिलं होतं की काही जण ‘वसंत’ म्हणतात, पण बाईंनी ‘मिळाली’ लिहिलं आहे आणि वसंत मिळाला असता. बाईंच्या हातून लिंग चुकणार नाही. ‘उसंत’च बरोबर आहे आणि उभा शब्द ‘उधाण’ असावा. संपादकांनी मला हे पत्र फोनवर वाचून दाखवलं. उधाण. इतका साधा शब्द. मला दोन दिवसांत सुचला नाही आणि तिने तो मनात धरूनच ‘उ’ लिहायला सांगितला असणार.

फोन आला तेव्हा मी लॅपटॉप उघडूनच बसलो होतो, कारण तू अडलीस म्हटल्यापासून मला तिचं मूळ बघायचं होतं. मूळ उघडलं तर त्यातही ‘व’. त्यातही ‘वळण’. माझे सगळेच शब्द तिच्या कोड्यात बसलेले. तिचं कोणतं आणि माझं कोणतं हे आता ओळखता येत नाही. जिथे आमची थोडी वादावादी झाली होती ते शब्द आठवतात. ‘खिळखिळा’ची पहिली वेलांटी ती ऱ्हस्व सांगत होती आणि मी दीर्घ टाइप करत होतो, त्यावर दहा मिनिटं गेली. ‘मुभा’ सांगताना ती म्हणाली होती, हा शब्द सुनेला आवडेल. असे पाच-सहा. बाकी शब्द मुकाट्यानं सांगितले गेले, मुकाट्यानं लिहिले गेले, आणि म्हणूनच ते हरवले. छापील कोड्यावर पेन्सिलीनं खुणा करून पाहिल्या. एकदा केलेल्या खुणा दुसऱ्या दिवशी पटत नाहीत.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. संपादकांनी विचारलं, काका, हे कसं काय झालं, काकूंची चूक म्हणून छापायला मन होत नाही. मी चाळीस वर्षं वजनकाटे तपासले. दुकानदार पकडला गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, साहेब, काटा बिघडलाय. मी म्हणायचो, काटा बोलत नाही म्हणून त्याच्यावर ढकलू नका. आणि त्या दिवशी, समोर ‘व’ दिसत असताना, तो माझ्या बोटानं दाबलेला आहे हे माहीत असताना, मी संपादकांना म्हणालो, ‘सुनेनं एक प्रोग्रॅम करून दिला होता, त्यात घोळ झाला.’ ते म्हणाले, अच्छा, म्हणजे तांत्रिक आहे. मी म्हटलं, हो. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं ते फोनवरचं फोनवरच राहील. काल त्यांच्या कचेरीत कोड्याची उत्तरं द्यायला गेलो तर नवा अंक छापून गठ्ठे बांधून तयार. आत चौकट आहे, ‘मागील अंकातील कोड्यात रचनाकर्तीच्या सुनेने तयार केलेल्या संगणकीय प्रणालीतील दोषामुळे चूक राहिली. वाचकांनी क्षमा करावी.’ मी म्हटलं, हे खोटं आहे, काढा. ते म्हणाले, काका, छापून झालंय. मग म्हटलं, पुढच्या अंकात दुसरं छापा. ते हसून म्हणाले, दुरुस्तीची दुरुस्ती आम्ही छापत नाही हो, लोक हसतात. मी तिथेच बसून चार ओळी लिहून दिल्या, की प्रणालीत काहीही दोष नव्हता, ती पत्नीला शेवटपर्यंत काम करता यावं म्हणून तयार केलेली होती, आणि चूक माझी आहे, खाली माझं नाव. छापतील असं म्हणाले नाहीत. उद्या परत जाणार आहे, आणि छापत नाहीत तोवर रोज जाणार आहे, दुसरं काही काम नाही मला. पण हा अंक गुरुवारी तुझ्याकडे येईल. तुझ्या आईकडेही येतो. तू तो कोड्याच्या पानावरच उघडतेस. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आज लिहिलं. तू ते पान वाचशील तेव्हा तुला निदान हे माहीत असावं की ज्यानं ते सांगितलं त्याला तेव्हाच माहीत होतं की ते खरं नाही. मला माफ कर असं म्हणत नाही, तू लगेच करशील आणि ते मला नको आहे. पुढच्या रविवारी फोन करावा असं वाटलं तर कर, मी उचलेन. नाही वाटलं तर तेही बरोबर आहे. स्टेशनवरच्या पेटीतलं टपाल रविवारीही पाचला निघतं, तेव्हा आत्ताच जाऊन टाकून येतो. त्याआधी दोरीवरची मोठी चादर वाळली आहे ती काढायची आहे. एकट्यानं तिची घडी सरळ येत नाही, एक टोक हनुवटीखाली धरावं लागतं. तेवढं करून निघतो.

तुझाच म्हणवून घेण्याची अजून परवानगी असेल तर तुझाच,
बाबा